भिंतीवरचा फोटो खरा कशावरून? फोटो महोत्सव, एआय आणि कॅप्शनची पाटी

सप्टेंबर 2021. दक्षिण फ्रान्समध्ये, स्पेनच्या हद्दीजवळ पेर्पिन्यां नावाचं शहर आहे. तिथे 1989 पासून दरवर्षी ‘व्हिझा पूर ल’इमाज’ हा वृत्तछायाचित्रणाचा महोत्सव भरतो. रात्री मोकळ्या आवारात मोठ्या पडद्यावर फोटो दाखवतात. समोर बसलेले बरेचसे लोक फोटो एडिटर, एजन्सीवाले, छायाचित्रकार, म्हणजे फोटो पारखण्यावरच पोट असलेले. त्या वर्षी नॉर्वेचे नामवंत छायाचित्रकार योनास बेंडिक्सन यांचं काम दाखवलं गेलं. विषय होता उत्तर मॅसिडोनियातलं व्हेलेस. 2016 च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी खोट्या बातम्यांच्या कितीतरी वेबसाइट तिथून चालत होत्या.

फोटोतल्या खोल्या, रस्ते, गाड्या खऱ्या होत्या. माणसं आणि अस्वलं मात्र संगणकावर तयार केलेली त्रिमितीय बाहुली होती. बेंडिक्सन यांनी रिकाम्या जागांचे फोटो काढले, तिथला उजेड चारही बाजूंनी टिपून ठेवला आणि त्याच उजेडात बाहुल्या बसवल्या. सोबतचा मजकूरही जीपीटी-2 या मजकूर लिहिणाऱ्या संगणकप्रणालीकडून लिहून घेतला. एवढ्या जाणत्या प्रेक्षकांत कुणालाही शंका आली नाही. शेवटी बेंडिक्सन यांनीच एक खोटं फेसबुक खातं उघडून स्वतःवर आरोप केले, त्या धाग्यावरून एकाने माग काढला आणि सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी सगळं कबूल केलं.

यात आजच्यासारखं ‘वाक्य टाका, चित्र घ्या’ असलं एआय वापरलेलं नव्हतं. तेव्हाच ही गत, तर आता काय? हा प्रश्न प्रदर्शनातल्या फोटोसमोर उभं राहिल्यावर हमखास मनात येतो. त्याचं उत्तर आहे, पण त्यासाठी फोटो भिंतीपर्यंत कसा पोचतो ते आधी पाहावं लागेल.

महोत्सव आणि स्पर्धा वेगळ्या

स्पर्धेत एकेक फोटो उतरतो आणि बक्षीस मिळवतो किंवा बाद होतो. महोत्सवात फोटोंची मालिका लागते. एखाद्या विषयावर दोन-चार वर्षं केलेल्या कामातून निवडलेले वीस-तीस फोटो, सोबत मजकूर, कधी व्हिडिओ, कधी जुनी कागदपत्रं. ही निवड आणि मांडणी करणारा माणूस म्हणजे क्युरेटर. संमेलनाचा अध्यक्ष आणि दिवाळी अंकाचा संपादक एकाच अंगात असावेत, तसं ते काम.

या प्रकाराचं माहेर म्हणजे फ्रान्समधलं आर्ल. तिथे 1970 मध्ये छायाचित्रकार ल्युसियां क्लेर्ग, लेखक मिशेल तुर्निए आणि इतिहासकार जाँ-मोरिस रुकेत यांनी महोत्सव सुरू केला. तिथली प्रदर्शनं जुन्या चर्चमध्ये, रेल्वेच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये, अगदी सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरही लागतात. आपल्याकडे ढाक्याचा ‘छबि मेला’ 2000 पासून, मुंबईचा ‘फोकस’ 2013 मध्ये, हैदराबादचा ‘इंडियन फोटो फेस्टिव्हल’ 2015 मध्ये आणि ‘चेन्नई फोटो बिएनाले’ 2016 मध्ये सुरू झाला. बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन. गोव्यात ‘गोवाफोटो’ने तर गावातल्या राहत्या घरांमध्ये फोटो लावले होते. पाहुणा म्हणून आत जायचं, बैठकीच्या खोलीतल्या देव्हाऱ्याशेजारचा फोटो बघायचा.

विषय बहुतेक ठिकाणी तेच असतात: स्थलांतर, जात, शहरं, पाणी, तापमानवाढ, पाळत ठेवणारी यंत्रं. म्हणजे ज्यांवर वाद आहेत असे विषय. त्यामुळे खरं-खोटं हा इथे केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

खोटं शिरायला तीन दरवाजे

पहिला दरवाजा फाइलचा. फोटो काढल्यावर त्यातलं काही पुसणं किंवा नवं घालणं. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही वृत्तछायाचित्रांची स्पर्धा घेणारी 1955 पासूनची संस्था अंतिम टप्प्यातल्या फोटोंच्या मूळ फाइल मागवून तपासते. 2015 मध्ये त्या टप्प्यावरचे जवळजवळ 20 टक्के फोटो याच कारणाने बाद झाले. त्यातले बरेच मोठ्या लबाडीचे नव्हते. पार्श्वभूमीतली एखादी वायर किंवा कोपऱ्यातला कचरा पुसलेला, किंवा सावली इतकी काळी केलेली की तिच्यातली वस्तूच गायब. 2016 मध्ये इटलीत तुरिनजवळ लागलेल्या अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या प्रदर्शनात क्यूबातल्या एका फोटोत खांबाचा तुकडा भलत्याच जागी दिसला. मोठ्या प्रिंटमुळे एका पाहणाऱ्याच्या लक्षात आलं. मोबाइलवर ते दिसलंही नसतं.

दुसरा दरवाजा प्रसंगाचा. फाइल अगदी निर्मळ, पण समोर जे घडलं तेच बनाव. 2018 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतला एक विजेता फोटो मागे घेतला गेला. त्यातला मुंग्या खाणारा प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. इथे पिक्सेल तपासून काही उपयोग नव्हता. तज्ज्ञांनी दुसऱ्या एका ठिकाणच्या पेंढा भरलेल्या नमुन्याशी केसांचे पट्टे आणि झुपके जुळवून पाहिले.

तिसरा दरवाजा कॅप्शनचा, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीच्या ओळीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. 2015 मध्येच ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या एका मालिकेचं पहिलं बक्षीस काढून घेतलं. त्यातला एक फोटो शार्लरुआत नव्हे, ब्रुसेल्समध्ये काढलेला निघाला. फाइल खरी, प्रकाश खरा, फक्त ओळीत गाव चुकलं. त्या वर्षी पेर्पिन्यांच्या महोत्सवाने वर्ल्ड प्रेसचं प्रदर्शन लावायलाच नकार दिला होता. गंमत म्हणजे सहा वर्षांनी त्याच महोत्सवाच्या पडद्यावर बेंडिक्सन यांची बाहुली झळकली.

रॉ फाइल म्हणजे काय आणि ती का मागतात

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, कोट्यवधी बारीक खाचे असतात. प्रत्येक खाच्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या गाळणीचा ठिपका असतो, त्यामुळे तो एकाच रंगाचा उजेड मोजतो. या मोजण्या जशाच्या तशा साठवल्या की ती रॉ फाइल. शेजारच्या खाच्यांवरून उरलेल्या रंगांचा अंदाज बांधून, उजळवून, दाबून बनते ती जेपेग. तांदूळ आणि पुलाव यांच्यात असतो तेवढा हा फरक. तांदळाचा पुलाव होतो, पण पुलावातून तांदूळ परत काढता येत नाही. म्हणूनच बनवलेल्या चित्रापासून पटणारी रॉ फाइल तयार करणं फार अवघड जातं.

तपासणारा दोन फाइली शेजारी ठेवतो. फ्रेम कापलेली चालते, उजेड-रंग बऱ्यापैकी कमीजास्त केलेले चालतात. वस्तू कमी किंवा जास्त झालेली चालत नाही. शिवाय तो त्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे फोटोही मागतो, कारण खऱ्या प्रसंगात माणूस एकच फोटो काढून घरी जात नाही. क्रमांक सलग आहेत का, सावल्या घड्याळाप्रमाणे सरकल्या का, हे त्यातून कळतं.

गडबड होते ती अशी: रॉ फाइल मोठ्या असतात, म्हणून दोन वर्षांनी जागा करायला त्या पुसल्या जातात आणि उरते फक्त जेपेग. किंवा फोटो मोबाइलचा असतो आणि मूळ प्रत व्हॉट्सॲपवरून आलेली. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि त्याला चिकटलेली वेळ-ठिकाणाची माहिती काढून टाकतं. मूळ हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा लागतो. महोत्सवाला काम पाठवणाऱ्यांनी रॉ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, नावं न बदलता.

फोटोचा सातबारा

रॉ मागून तपासण्याला वेळ लागतो आणि ओळखीच्या, नामवंत माणसाकडे ती मागायला संकोच वाटतो. बेंडिक्सन यांचं काम सहज पुढे गेलं त्यात त्यांच्या नावाचाही वाटा असावा. यावर उपाय म्हणून 2021 मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी वगैरेंनी मिळून ‘सी-टू-पी-ए’ नावाचं मानक तयार करायला घेतलं. वाचकाला ते ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ या नावाने दिसतं.

सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन कुणाची हे त्यावर असतं आणि मालकी बदलली की फेरफाराची नोंद चढते. इथेही तसंच. फोटो निघताक्षणी कॅमेरा त्या फाइलचा गणिती ठसा घेतो आणि आपल्या आतल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. एक पिक्सेल बदलला तरी ठसा जुळत नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडून उजळवला, कापला, तर तो बदल नवी नोंद म्हणून खाली चढतो. ही सोय आतच असलेला पहिला कॅमेरा लायकाचा एम11-पी, ऑक्टोबर 2023 मध्ये आलेला.

पण सातबाऱ्यावर पीकपाहणीत ज्वारी लिहिली म्हणून शेतात ज्वारी उभी असतेच असं नाही, हे खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फोटोच्या नोंदीही फाइलचा इतिहास सांगतात, प्रसंगाचा खरेपणा नाही. पेंढा भरलेल्या प्राण्याच्या फोटोवरही कॅमेरा इमानदारीत सही करेल. तलाठी कार्यालयात घोळ होतात तसे इथेही होतात. 2025 मध्ये निकॉनच्या झेड6-3 या कॅमेऱ्यात असं आढळलं की मल्टिपल एक्सपोजर, म्हणजे एकावर एक फोटो घेण्याची सोय, वापरून सही नसलेल्या चित्रावरही कॅमेऱ्याची सही उमटवता येते. निकॉनला ती सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. आणि समाजमाध्यमावर चढवताना ही नोंद बऱ्याचदा गळूनच पडते. नोंद नाही म्हणून फोटो खोटा, असा अर्थ काढू नये. आपल्या आजोबांच्या फोटोलाही नोंद नाही.

‘मग एआयची चित्रं महोत्सवात घेतातच कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे. 2023 मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डाग्सन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका विभागात एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते जिंकलं आणि त्यांनी बक्षीस नाकारलं. फोटो आणि एआय चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका स्पर्धेत त्या असू नयेत, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलट खेळ केला. डोकं पिसांत घातलेल्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो त्यांनी दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतदानात तो पहिला आला आणि खरा आहे हे कळल्यावर बाद झाला.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’नेही 2023 च्या अखेरीस एका खुल्या विभागात एआय चालेल असं आधी जाहीर केलं. छायाचित्रकारांनी झोडपल्यावर नियम मागे घेतला. वृत्तछायाचित्राच्या बाबतीत हे बरोबरच झालं. पण महोत्सव म्हणजे फक्त बातमी नाही. आयर्लंडच्या रिचर्ड मॉस यांनी स्थलांतरितांचं चित्रण लष्करी थर्मल कॅमेऱ्याने केलं. तो कॅमेरा उजेड पाहतच नाही, शरीराची उष्णता टिपतो, तीही 30 किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून. सीमेवरची यंत्रं या माणसांकडे कशी बघतात, हेच त्यांना दाखवायचं होतं. अमेरिकी कलाकार ट्रेव्हर पॅगलेन यांनी गुप्त लष्करी तळ दुर्बिणीतून, कित्येक मैलांवरून टिपले. यंत्राची नजर हाच विषय असेल तर यंत्राने बनवलेलं चित्र तिथे शोभतं. अट एकच: पाटीवर तसं लिहिलेलं हवं, आणि तेही मजकुराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नव्हे.

दहा फुटी प्रिंटचं गणित

भिंतीवर गेल्यावर फोटोला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000 ठिपके. एका इंचात 300 ठिपके या हिशोबाने त्याची चांगली प्रिंट 20 इंच रुंद निघते. मग चौकात 10 फुटी लावायची तर? 10 फूट म्हणजे 120 इंच, 6000 भागिले 120, म्हणजे इंचाला फक्त 50 ठिपके. हे पुरतं का? पुरतं. निरोगी डोळ्याला इंचाला किती ठिपके लागतात हे काढायला 3438 ला अंतराने, इंचांत, भागा. एक फुटावरून 286 लागतात, दहा फुटांवरून जेमतेम 29. दादा-भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स रस्त्यापलीकडून चकाचक दिसतो आणि खाली उभं राहिलं की नुसते ठिपके, त्याचं हेच कारण.

म्हणून एआय चित्र मोठं केलं की अनेकदा उघडं पडतं. अशी पुष्कळ चित्रं मुळात 1024 बाय 1024 ठिपक्यांची असतात, म्हणजे नीट छापली तर साडेतीन इंचांपेक्षाही लहान. मोठं करताना सॉफ्टवेअर मधले ठिपके कल्पनेने भरतं. साडीच्या काठाची नक्षी मध्येच दुसरी होते, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं देवनागरीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. मात्र या खुणांवर फार भिस्त ठेवू नका. दर सहा महिन्यांनी त्या कमी होत चालल्या आहेत.

बाहेर लावायच्या प्रिंटला वारा हा मोठा शत्रू. 3 मीटर बाय 2 मीटरच्या सपाट पडद्यावर ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने 45 किलो वजनाइतका पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे 180 किलोच्या पुढे. म्हणून बाहेर जाळीदार व्हिनाइल वापरतात, त्याच्या बारीक छिद्रांतून वारा निघून जातो. कडेला दुहेरी शिलाई आणि दर दीड-दोन फुटांवर रिंगा हव्यात, नाहीतर आधी कोपरा फाटतो. सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी पाटी, उन्हात धनुष्यासारखा वाकतो. त्याऐवजी 3 मिलिमीटरचं एसीपी, म्हणजे दोन बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली शीट घ्यावी. कोकणात, गोव्यात पावसाळ्याच्या आसपास कागदी प्रिंट काचेला थेट टेकवू नये. ओल धरली की ती काचेला चिकटते आणि सोडवताना रंग निघून येतो. मधे जाड पुठ्ठ्याची, म्हणजे माउंटची, चौकट घालून अंतर ठेवावं.

‘पर्यावरणाचं प्रदर्शन आणि प्लास्टिकचा फ्लेक्स?’

हा टोमणा आयोजकांना झोंबतो, कारण खरा आहे. फ्लेक्स हे पीव्हीसी या प्लास्टिकचं असतं आणि प्रदर्शन संपल्यावर ते कुणी परत घेत नाही. फार तर शेतात ताडपत्री होते. कापडावर छापता येतं, पण उन्हापावसात ते लवकर विटतं. फ्रान्समधल्या ला गासिली गावात 2004 पासून पर्यावरणाकडे कल असलेला महोत्सव भरतो. तिथे गल्ल्यांत, बागांत, भिंतींवर फोटो लागतात आणि प्रवेश फुकट असतो. मला विचाराल तर गावाच्या मधोमध महिनोनमहिने उभ्या प्रदर्शनासाठी थोडं प्लास्टिक क्षम्य आहे. तीन दिवसांच्या उद्घाटनी झगमगाटासाठी नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: पुराचे, दुष्काळाचे फोटो सुंदर कशाला दिसावेत? छायाचित्रकार गिडियन मेंडेल 2007 पासून जगभरच्या पूरग्रस्तांचे फोटो काढत आहेत. 2014 च्या काश्मीरच्या पुरातलेही त्यांत आहेत. माणूस आपल्या बुडालेल्या घरात छातीभर पाण्यात उभा राहून सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो. प्रकाश देखणा असतो. पण फोटो त्याला विचारून काढलेला, उभं राहायला वेळ देऊन. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आपण सगळ्यांनी जे फोटो पुढे ढकलले, त्यांतल्या किती माणसांची नावं आपल्याला कळली?

‘आमची गरिबी तिकडे विकतात’

पाश्चात्य देशांत आपले फोटो दाखवण्याबद्दलची ही तक्रार. ढाक्याचे छायाचित्रकार शहिदुल आलम यांनी ‘तिसरं जग’ या शब्दाऐवजी ‘बहुसंख्य जग’ हा शब्द रूढ केला. ‘छबि मेला’ सुरू करण्यामागेही हाच विचार होता की आपले फोटो आपण काढू, आपणच आपल्या लोकांना दाखवू. तिथे सायकल-रिक्षांच्या व्हॅनवर फोटो लावून गल्लीबोळांत फिरवले गेले. गॅलरीच्या दारात पाऊल टाकायला जो बिचकतो, त्याच्या दारात फोटो गेला. मुंबईत छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, गटारात उतरणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत जाऊन.

संमती कशी घ्यावी याचे संकेत साधे आहेत. फोटो कुठे लागणार हे माणसाच्या भाषेत सांगायचं. चौकातल्या दहा फुटी पडद्यासाठी वेगळं विचारायचं, कारण वर्तमानपत्राला ‘हो’ म्हणणारा चौकाला ‘नाही’ म्हणू शकतो. लहान मुलांसाठी पालकांना विचारायचं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करायला तर आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे.

प्रदर्शनात उभं राहून काय करायचं

आधी पाटी वाचा, मग फोटो पाहा, मग पुन्हा पाटी. तिच्यावर कोण, कुठे, कधी एवढं तरी हवं. ‘भारत, 2022’ ही कॅप्शन नव्हे; गावाचं नाव हवं. ‘कसं’ हेही हवं: कॅमेऱ्याने, उपग्रहाच्या चित्रातून की एआयने. तिघांनाही एकाच भिंतीवर जागा असू शकते, पण पाटी एकसारखी असू शकत नाही. मालिका असेल तर एकच माणूस दोन फोटोंत दिसतो का पाहा, आणि दिसला तर कान, तीळ, हातावरचं गोंदण जुळतं का तेही. कडांकडे आणि कोपऱ्यांकडे बघा, पुसापुशी तिथेच जास्त होते. पाटी इंग्रजीतच असेल तर स्थानिक भाषेतली मागा. चेन्नईत तमिळ पाटीची अपेक्षा धरतात, मग पुण्या-मुंबईत मराठीची का धरू नये?

आणि पाटीवर ‘कसं’ लिहिलेलंच नसेल, तर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या स्वयंसेवकाला विचारा. नीट भरवलेल्या महोत्सवात त्याला उत्तर माहीत असतं. नसेल तर तो उठतो आणि क्युरेटरला बोलावून आणतो.